पाखरं दिसली की घाला होडी!

नवी होडी घेतलीत? मागे दोन आउटबोर्ड इंजिनं? अभिनंदन! आता मालवणच्या बाहेर खोल पाण्यात मोठ्या माशामागे जाणार, तर चार हिताच्या गोष्टी ऐका.

ट्रोलिंग, म्हणजे चालत्या होडीमागे लुअर (नकली आमिष) ओढत मासे धरणं, सहा ते नऊ नॉट वेगाने करतात म्हणे. रिकामटेकडे लोक. तुम्ही वीसने पळवा, लुअर हवेत उडताना फोटोत झकास दिसतात.

पाखरं पाण्यावर तुटून पडताना दिसली, म्हणजे खाली कुपा (ट्यूना मासा) वर आलाय. जाणता तांडेल (होडीचा कप्तान) अशा वेळी लांबून वळसा घेतो, थवा कुठे सरकतोय ते बघतो, इंजिनाचा आवाज एकसारखा ठेवून फक्त लुअर कडेकडेने नेतो. भित्रा बिचारा. तुम्ही थ्रॉटल पुरता उघडा आणि घुसा मधोमध. कुपा बुडी मारेल, मारू दे. आधीपासून तिथे कोणी ट्रोलिंग करत असेल तर त्याच्या अगदी पाठीला लागून आडवे जा. त्याचा तंगूस (मासेमारीची नायलॉन लाइन) मागे पन्नास मीटरवर आहे, हे त्यानेच ओरडून सांगायला नको का? गेल्या रविवारी एका साहेबांनी आमच्यावर हाच प्रयोग केला. रॉड वाकला, रीळ कर्रकन सुटलं, आम्ही धावलो. मासा कसला! लाइन साहेबांच्या इंजिनाच्या पंख्यात. वर हसून विचारतात, "काही मिळालं का?" मिळालं ना, तुमचा पंखा! लुअर गेले, अर्धं रीळ गेलं, थवा तर केव्हाच गेला होता.

मासा लागला की बाकीच्या लाइनी आवरू नका. गुंता सोडवण्यात दिवस छान जातो.

रिव्हर्स दणकून घ्या. मागून लाट आत येईल, तंगूस होडीखाली जाईल, पण थांबायचं नाही. मासा मागच्या कोपऱ्यावर धरून गरजेपुरतंच मागे जाणं हे पुस्तकी लोकांचं काम.

सेलफिश सोडायचाय? आधी मांडीवर घेऊन सगळ्यांचे सेल्फी. त्याला पाण्यातच धरून होडी हळू पुढे न्यायची, कल्ल्यांतून पाणी खेळवायचं, एवढे लाड कशाला?

रेडिओच्या चॅनल १६ वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, गप्पा मारा. बुडणारा थांबेल.

पुरे झालं. अहो, समोरच्या होडीवर रॉड लावलेले दिसतात, तर तिच्या मागून लांबून जा, नाहीतर थांबा! लाइन पंख्यात गेली तर इंजिन बंद करा, किल्ली काढून खिशात घाला. आमचा पोरगा लाइन सोडवायला तुमच्या पंख्याशी पाण्यात उतरला होता आणि तुम्ही किल्ली फिरवत होतात. तेव्हा मी तुम्हाला जे काही बोललो, त्यातला एकही शब्द मागे घेणार नाही.