‘ग्रुप आहे की, ब्लॉग कशाला?’ शिक्षकांमध्ये फिरणाऱ्या एका फॉरवर्डला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच मजकूर मला शिक्षकांच्या तीन ग्रुपवर तीनदा आला. सारांश असा: ब्लॉगचा जमाना गेला, अनेक ब्लॉग एका जागी वाचायची सोय देणारं गूगल रीडर बंद पडलं तेव्हाच फीड संपली, शिक्षकाला वाचायला वेळ नाही, मराठीत वाचण्यासारखं काही नाही, जे लागतं ते ग्रुपवर येतंच, आणि असल्या वाचनाचं प्रमाणपत्रही मिळत नाही.

ग्रुपपासून सुरुवात करते, कारण खरी गोम तिथे आहे.

ग्रुपवर येतं की! सुप्रभात येतं, परिपत्रक येतं, आणि तेच परिपत्रक ‘अतिमहत्त्वाचे’ म्हणून संध्याकाळी पुन्हा येतं. मागच्या वर्षी एका बाईंनी लिहिलं होतं, की त्यांच्या वर्गातली बरीच मुलं ०.१५ ही संख्या ०.५ पेक्षा मोठी मानतात, कारण पंधरा पाचापेक्षा मोठे. बाईंनी समजवायला रुपये-पैसे घेतले, तर तेच अंगाशी आलं. मुलं ०.५ म्हणजे ‘पाच पैसे’ असं वाचायला लागली. किती मोलाची नोंद! दहा मिनिटांत तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचे केक येऊन पडले. यंदा दशांश अपूर्णांक शिकवायच्या आदल्या रात्री मी ती शोधायला बसले. मधल्या काळात फोन बदललेला, त्यामुळे काही हाती लागलं नाही. ब्लॉगवर असती तर तिला स्वतःचा पत्ता असता. निरोपासाठी ग्रुप झकास आहे, पण अनुभव साठवायची ती जागा नव्हे.

आता गूगल रीडर. १ जुलै २०१३ ला ते बंद झालं, हे खरं. पण ते एक दुकान होतं, फीड कुणाच्या मालकीची नाही. ब्लॉगवर नवं काही आलं की त्याची नोंद होणारी यादी म्हणजे फीड. रीडर नावाचं अॅप ती अधूनमधून तपासतं आणि नवे लेख तुमच्यापुढे मांडतं, बस्स. वर्डप्रेसच्या बहुतेक ब्लॉगच्या पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन इंग्रजीत ‘फीड’ लिहा, आजही ती यादी उघडते. फीडली, इनोरीडर अशा रीडरमध्ये तेवढंही करावं लागत नाही, नुसता पत्ता टाकला तरी चालतो. शिवाय आपली सगळी यादी ओपीएमएल नावाच्या फाइलमध्ये बाहेर काढता येते. उद्या हेही दुकान बंद झालं तर बोचकं उचलून पुढच्या दारात.

वेळ नाही, हे मात्र मला पटतं. मीही सुरुवातीला हावरटासारखे ऐंशी ब्लॉग भरले होते. आठवड्यात न वाचलेल्यांचा आकडा हजारावर गेला आणि ते अॅप उघडायचीच भीती वाटू लागली. मग एके दिवशी ‘सगळे वाचले’ हे बटण दाबलं आणि यादी अकरावर आणली. स्वारगेटहून हडपसरला जाताना पीएमपीच्या बसमध्ये बसायला जागा मिळाली तर एक लेख होतो, उभं राहावं लागलं तर नाही होत.

मराठीत काही नाही, हे अर्धं खरं. आपल्या शिक्षकांचे ब्लॉग पुष्कळ आहेत, पण उघडावेत तर शासन निर्णय, तक्ते आणि पीडीएफ. वर्गात काय घडलं ते क्वचितच. पण अजिबातच काही नाही म्हणणाऱ्यांनी, इथे पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत वर्षानुवर्षं टाकाऊतून विज्ञानाची खेळणी केलेल्या अरविंद गुप्तांचं संकेतस्थळ एकदा पाहावं. मराठी पुस्तकंही आहेत तिथे, फुकट.

आणि परभाषेतलं आपल्या वर्गात चालत नाही, असं कुणी सांगितलं? डॅन मेयर या अमेरिकेतल्या माजी गणित शिक्षकाने ब्लॉगवर मांडलेली ‘तीन अंकी’ पद्धत घ्या (अंक नाटकातले, आकडे नव्हेत). पहिल्या अंकात एकही आकडा न देता नुसतं दृश्य दाखवायचं, प्रश्न आणि अंदाज मुलांचे. दुसऱ्यात मुलं मागतील ती मापं द्यायची. तिसऱ्यात खरं उत्तर डोळ्यांनी पाहायचं. त्याच्या एका पाठात पाण्याची टाकी भरत असते. मी आठवीला शाळेच्या नळाखाली बादली ठेवली आणि गप्प उभी राहिले. ‘किती वेळात भरेल?’ हा प्रश्न लगेच आला. एकीने विचारलं, ‘नळ किती सोडलाय?’ मागून आवाज आला, ‘बाई, गुरुवारी भरणारच नाही!’ पुण्यात गुरुवारी पाणी बंद म्हणजे काय, हे आमच्या मुलांना वेगळं सांगावं लागत नाही. वर्ग हसला, आणि त्या हशातून धार कमी-जास्त झाली तर काय, हा भरण्याचा दर बदलण्याचा मुद्दा आपसूक वर आला. तिसऱ्या अंकाआधीच घंटा झाली, तेही मी माझ्या नोंदीत लिहून ठेवलंय.

राहिलं प्रमाणपत्र. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवतं. माझी बसमधली वीस मिनिटं त्यात कुणी धरणार नाही. हा एक मुद्दा फॉरवर्डवाल्यांचा, बिनशर्त मान्य.