किनाऱ्यावरचे ‘अनाथ’ सील: एका फिरत्या दाव्याचा प्रतिवाद

थंडीचे दिवस आले की सीलच्या पिल्लाची एक चित्रफीत समूहांतून फिरू लागते. वाळूवर पांढऱ्या, लोकरीसारख्या केसांचे पिल्लू एकटेच पडलेले असते, त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत असते आणि खालचा मजकूर साधारण असा असतो: माणसांच्या त्रासामुळे आई या बाळाला टाकून गेली, ते तिच्यासाठी रडत आहे, पाण्यावाचून ते तडफडून मरेल, असे पिल्लू दिसले तर त्याला लगेच समुद्रात सोडा, अंगावर पाणी घाला, दूध पाजा. भारताच्या किनाऱ्यावर सील नाहीत, त्यामुळे हा मजकूर पडताळून पाहण्याची वेळ आपल्यावर येत नाही आणि तो बिनबोभाट पुढे सरकतो. मात्र ब्रिटनच्या किनाऱ्यांवर असे पिल्लू खरोखर समोर येऊ शकते, तिथे मराठी कुटुंबेही राहतात आणि फिरायला जातात, आणि हा सल्ला कोणी मनावर घेतला तर त्या पिल्लाच्या जिवावर बेतेल. म्हणून यातले एकेक विधान तपासून पाहणे आवश्यक आहे.

पहिले विधान आईने टाकून दिल्याचे. चित्रफितीतले पांढरे पिल्लू राखाडी सीलचे असते. या जातीच्या जगातल्या एकूण संख्येपैकी एक तृतीयांशाहून अधिक सील ब्रिटनच्या आसपास आहेत आणि इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, लिंकनशायरमधील डॉना नुक येथे, नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये दरवर्षी 2,000 च्या वर पिल्ले जन्मतात. जन्माच्या वेळी पिल्लू सुमारे 14 किलोचे असते. आईच्या दुधात 60 टक्क्यांपर्यंत चरबी असल्यामुळे त्याचे वजन दिवसाला जवळपास दोन किलोने वाढते, आणि अडीच-तीन आठवड्यांत ते चाळीस किलोच्या पुढे जाऊन पिंपासारखे गोल होते. या संपूर्ण काळात आई बहुधा काहीच खात नाही. स्वतःच्या अंगावरची चरबी झिजवून ती दूध पाजते आणि तिचे वजन एक तृतीयांशाहून अधिक घटते. मग साधारण अठराव्या दिवसाच्या सुमारास ती नराशी समागम करते आणि समुद्रात निघून जाते. दूध हळूहळू तोडण्याची पद्धत या जातीत नाही. पिल्लू मागे राहते, पांढरी लोकर झाडते, दोन ते चार आठवडे साठवलेल्या चरबीवर उपाशी काढते आणि भूक असह्य झाली की स्वतःहून पाण्यात उतरते. शिकार कशी करायची हे त्याला कोणीही शिकवत नाही. या जातीचे बालपण असेच संपते. त्याला ‘टाकून देणे’ म्हणायचे तर प्रत्येक राखाडी सील टाकून दिलेलेच ठरेल.

उन्हाळ्यात दिसणाऱ्या ‘सामान्य सील’ (कॉमन सील) या दुसऱ्या जातीच्या पिल्लाची गोष्ट निराळी आहे. ते पांढरी लोकर आईच्या पोटातच झाडून जन्मते आणि काही तासांत पोहू लागते. त्याची आई अधूनमधून मासे धरायला जाते तेव्हा ते किनाऱ्यावर एकटे पडून राहते. ही आई परत येणार असते.

माणसांच्या त्रासाचा उल्लेख मात्र निराधार नाही, आणि मजकुरातला हा एकच भाग गांभीर्याने घेण्यासारखा आहे. आई पिल्लाला वासाने आणि आवाजाने ओळखते. पिल्लू आणि समुद्र यांच्यामध्ये माणसांचे कोंडाळे उभे राहिले तर ती पाण्यातच घुटमळत राहते, आणि पाजण्याची वेळ टळत जाते. म्हणजे पिल्लू अनाथ समजून त्याच्याभोवती जमणारी गर्दीच त्याला अनाथ करू शकते. डॉना नुकला वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी कुंपण घातले आहे ते यासाठीच. तिथे पिल्ले पुष्कळदा अगदी कुंपणाला लागून झोपतात. त्यामुळे चित्र जवळून काढलेले दिसले म्हणून पिल्लू संकटात आहे असे समजू नये.

आता अश्रू. आपल्या डोळ्यांतले जादा पाणी एका बारीक नळीतून नाकात उतरते; सीलला ही नळी नसते. खाऱ्या पाण्यापासून आणि वाळूपासून डोळ्यांचे रक्षण करणारा स्राव सतत पाझरत असतो, तो समुद्रात धुऊन जातो आणि किनाऱ्यावर गालांवरून ओघळतो. सीलच्या डोळ्यांभोवती ओले, गडद कडे दिसते ते यामुळेच. बचावकार्य करणारे लोक हे कडे मुद्दाम पाहतात, कारण ते ओले असेल तर शरीरात पुरेसे पाणी आहे आणि ते कोरडे पडले असेल तर पिल्लाला पाण्याची कमतरता भासत आहे, असा अंदाज बांधता येतो. मजकूर लिहिणाऱ्याने दुःखाचा पुरावा म्हणून दाखवलेली गोष्ट प्रत्यक्षात पिल्लू बऱ्या स्थितीत असल्याची खूण आहे.

समुद्रात सोडण्याचा सल्ला सर्वांत घातक. सील हा मासा नाही. विश्रांतीसाठी, केस झाडण्यासाठी आणि पिल्ले घालण्यासाठी तो जमिनीवर येतोच, आणि तासन्‌तास कोरडा राहिल्याने त्याचे काही बिघडत नाही. पांढरी लोकर कोरडी असेपर्यंतच ऊब धरते. चरबीचा थर तयार होण्याआधी तिला भिजवले की पिल्लू गारठते, आणि लाटांत ओढले गेले की आईपासून तुटते. 5 डिसेंबर 2013 रोजी उत्तर समुद्रात वादळी भरती आली तेव्हा नॉर्फोकच्या हॉर्सी किनाऱ्यावरची कितीतरी पिल्ले अशीच वाहून गेली. निसर्गाने त्या रात्री जे केले ते आपण भूतदयेपोटी हाताने करावे, असे हा मजकूर सुचवतो.

दुधाबद्दल फार लिहायला नको. गाईचे दूध या पिल्लाला पचत नाही. शिवाय पाजायला गेलेल्याला चावा बसण्याची शक्यता मोठी असते आणि सीलच्या चाव्यातून बोटाला होणारा संसर्ग इतका चिवट असतो की पूर्वी त्यापायी बोट कापावे लागत असे. त्यावर पेनिसिलिन उपयोगी पडत नाही, टेट्रासायक्लिन गटातली औषधे द्यावी लागतात. म्हणून चावा बसलाच तर तो सीलचा आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मदतीची गरज असलेली पिल्ले नसतातच, असे मात्र नाही. मान बारीक झालेली, बरगड्या किंवा कंबरेची हाडे वर आलेली, अंगावर जखम असलेली, गळ्यात जाळ्याचा तुकडा अडकलेला, किंवा पांढरी लोकर अंगावर असूनही बराच वेळ आई न दिसलेली पिल्ले खरोखर अडचणीत असू शकतात. अशा वेळी दूर उभे राहावे, कुत्रा सोबत असेल तर त्याला दोरीने धरून ठेवावे, नेमकी जागा टिपून घ्यावी आणि ब्रिटिश डायव्हर्स मरीन लाइफ रेस्क्यू या संस्थेला फोन करावा. तिचे प्रशिक्षित स्वयंसेवक आधी दुरून पिल्लाचे निरीक्षण करतात, आणि ते धडधाकट दिसले तर त्याला हातही लावत नाहीत.