आरसी बुकापुरता मालक

कोल्हापुरात टू-स्ट्रोक गाडी उघडायची असेल तर आधी दार लावून घ्यावं. अंगणात कार्ब्युरेटर सोडवायला बसलात, की गल्लीतला प्रत्येक पुरुष एके काळी रेसर होता, असं कळतं. दूध घालणारा रेसर, किराणावाला रेसर, समोरचे निवृत्त हेडक्लार्कसुद्धा रेसर. गाडी माझ्या नावावर आहे, हे फक्त आरटीओला ठाऊक होतं.

गाडी म्हणजे यामाहा आरएक्स १००. ९८ सीसी, ११ अश्वशक्ती. १९९६ मध्ये उत्पादन बंद झालं आणि तेव्हापासून भाव चढतोच आहे. माझी आली करवीर तालुक्यातल्या एका गोठ्यातून. तरुणपणी मातीच्या ट्रॅकवर शर्यती मारलेली, उतारवयात डेअरीला दूध वाहणारी. मागच्या चेसीला कॅन अडकवायचे दोन लोखंडी हूक वेल्डिंग करून बसवलेले. तिचे मालक आबा सत्तरीचे. गाडी देताना गहिवरले वगैरे काही नाहीत. एवढंच बजावलं, "हुकाला हात लावू नगा, लई मजबूत हाईत."

तिला पुन्हा मातीत उतरवायचं म्हणून इंजिन वर्कशॉपांच्या शिवाजी उद्यमनगरात नेलं. हेड निघालं. मिस्त्रींनी पिस्टनच्या डोक्यावरची काजळी अंगठ्यानं पुसली, तर खाली आकडा निघाला, १००. बघ्यांपैकी एकानं टाळीच वाजवली, "आरं, ओरिजिनल हाय की! आरएक्स शंभर!"

मिस्त्रींनी त्याच्याकडं फार दयेनं पाहिलं. त्या शंभराचा गाडीच्या नावाशी काही संबंध नसतो. मूळ बोअर, म्हणजे सिलेंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर. सिलेंडर झिजला, की पाव, अर्धा, पाऊण करत तो वाढवत नेतात आणि तेवढा जाड पिस्टन घालतात. १०० म्हणजे पुरता एक मिलिमीटर वाढवून झालेला.

"मालक, ह्येच्या म्होरं माप न्हाई. नवीन लायनर घालायला लागतंय." मग त्यांनी नख सिलेंडरच्या आतून वरून खाली फिरवलं. धूर बाहेर पडायच्या भोकाच्या, म्हणजे एक्झॉस्ट पोर्टच्या, कडेला ते अडकलं. "हितं जाम झालीया." म्हणजे पिस्टन कधीतरी तापून इथंच चिकटला होता. ऑइलची काटकसर आणि डेअरी गाठायची घाई, दोन्ही त्या एका ओरखड्यात नोंदवलेलं होतं.

लायनरवर, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या नव्या अस्तरावर, सगळ्यांचं एकमत झालं. तिथून पुढं दोन पक्ष पडले. एक जुन्याचा. नट कंपनीचाच पाहिजे, टाकीचा रंग तोच पाहिजे, स्टिकरसुद्धा त्याच सालातलं पाहिजे. दुसरा रेसिंगचा. ऑइल पंप काढून टाका, पेट्रोलमध्येच टू-टी ऑइल मिसळा, पोर्ट घासा, मागचं चाक धरणारा स्विंगआर्म लांबवा, चेनचं मागचं दातेरी चाक, म्हणजे स्प्रॉकेट, मोठं घाला. खर्च मी करायचा, यावर मात्र दोन्ही पक्षांत कधी मतभेद झाला नाही.

शेवटी रेसिंगवाले जिंकले, कारण त्यांचा आवाज मोठा होता. मूळ सायलेन्सर गेला आणि पोटात फुगलेला, शेपटीकडं निमुळता होणारा एक्स्पान्शन चेंबर आला. ही अक्कल पक्की केली वॉल्टर काडेन या इंजिनिअरनं, पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात. १९६१ मध्ये त्याचा रेसर अर्न्स्ट डेग्नर सगळी विद्या घेऊन पळाला, तो थेट सुझुकीकडं. पुढच्याच वर्षी सुझुकीच्या गाडीवर ५० सीसीचा जगज्जेता झाला. मी हे गाळ्यावर मोठ्या चवीनं सांगितलं. लेथवरच्या पोरानं मान वर न करता विचारलं, "पळून कशाला जायला पायजे? आपल्यात सकाळी माप काढलं की दुपारपतूर शेजारच्या गाळ्यात तसलंच तयार असतंय."

चेंबरचं काम मात्र मोठं गमतीचं. टू-स्ट्रोकमध्ये एक्झॉस्ट पोर्ट उघडा असतानाच ताजं मिश्रण आत येतं आणि त्यातलं थोडं न जळताच बाहेर पळतं. चेंबरच्या निमुळत्या टोकावरून परतणारी दाबाची लाट त्याला पुन्हा सिलेंडरमध्ये ढकलते. मांडवातून उपाशी निघालेल्या पाहुण्याला यजमानानं दंडाला धरून परत पाटावर बसवावं, तसं. पण ही लाट इंजिनाच्या ठरावीक आरपीएमलाच, म्हणजे मिनिटाच्या ठरावीक फेऱ्यांनाच, वेळेवर पोचते; त्या पट्ट्याला म्हणायचं पॉवर बँड. त्याच्या खाली गाडी गल्लीतला स्पीडब्रेकरसुद्धा रडतरडत चढते आणि त्याच्यावर गेली, की पुढचं चाक आकाशाकडं! हेडक्लार्क साहेबांनी "बघू जरा" म्हणून एक फेरी मारली. त्यानंतर ते कट्ट्यावर बसूनच सल्ला देऊ लागले.

टू-टी लिटरला तीस मिली की चाळीस, हा वाद घरात मोजमाप करेपर्यंत मिटला नाही. मोजायला मिळालं ते खोकल्याच्या औषधाचं झाकण. बायको अजून त्या झाकणाचा विषय निघाला की माझ्याकडं बघते.

शर्यतीला गाडीवर भाचा, कारण माझ्या वजनाला पॉवर बँड नव्हता. तपासणीत दिवा, आरसे, स्टँड काढलेले बघून अधिकारी खूश झाले. मग त्यांचं बोट हुकांवर थांबलं. "हे काढा." आबा टेम्पोभर माणसं घेऊन आलेलेच होते. "त्येला हात लावायचा न्हाई!" बरीच रदबदली झाली. अखेर ग्राइंडर फिरला, आबांनी दोन्ही हूक गार होण्याआधीच टॉवेलात गुंडाळून घेतले.

स्टार्टला गाड्या उभ्या राहिल्या. टँकरनं नुकतंच पाणी मारलेलं, निळा धूर जमिनीलगत साठलेला. झेंडा पडायची वाट बघत गाडी आयडलला राहिली आणि प्लग ऑइलनं ओला होऊन बंद पडली. भाच्यानं वळून नुसतं पाहिलं, तर दुधवाला, किराणावाला, मिस्त्री, हेडक्लार्क, सगळ्यांनी एकदम खिशातून प्लग काढले, कुणी उष्णता धरून ठेवणारा 'गरम', कुणी ती लवकर सोडणारा 'थंड'.

"गरम प्लग घाल!"

"आरं मर्दा, गरम घातलास तर पिस्टनला भोक पाडशील! थंड घाल!"

"कोण म्हणतंय?"

"मी म्हणतोय. ब्याण्णवला माझ्या गाडीला..."

भाच्यानं शेजारच्या स्पर्धकाच्या मेकॅनिककडून प्लग मागून घेतला, बसवला, किक मारली आणि गेलाही. आमच्याकडं वाद अजून ब्याण्णव सालातच होता. तो पहिला लॅप पुरा करून समोरून गेला, तेव्हा चिखलाचे शिंतोडे सगळ्यांच्या तोंडावर उडाले. किराणावाल्यानं तोंड पुसत विचारलं, "आता गेली ती कुणाची गाडी?"

"आपलीच की!" चौघं एकदम म्हणाले.