बायबल न उघडता, कोणाला न भेटता विश्वासात वाढा!

मंडळीचं (म्हणजे चर्चचं) मेंबर तर राहायचंय पण त्रास नकोय? बसा, सांगतो. ऑपरेशन होऊन घरी पडून आहे, त्यामुळे या विषयाचा माझा अभ्यास पक्का झालाय.

उपासनेला दुसऱ्या गीताला पोचायचं, शेवटच्या आमेनला गाडीची किल्ली हातात पाहिजे.

बायबल जाड घ्या, चेनवालं कव्हर घाला. चेन उघडू नका.

जानेवारीत सगळ्यांना सांगून 'वर्षभरात पूर्ण बायबल' सुरू करा. ६६ पुस्तकं आहेत, तुम्ही तिसऱ्यातच, लेवीयमध्ये गारद होणार, काळजी नको.

संदेशात, म्हणजे प्रवचनात, झोपलात तरी चालेल. बायबलमधला युतुख नावाचा तरुण पौल प्रेषिताचं ऐकता ऐकता झोपून तिसऱ्या मजल्यावरून पडलाच होता की (पण मध्यरात्रीपर्यंत हजर तरी होता बिचारा).

आता मेन टिप. कोणी आजारी पडलं की जायचं नाही, यिर्मया २९:११ पाठवायचं, 'तुमच्याविषयी माझ्या योजना हिताच्या आहेत' असं देव म्हणतो ते वचन. मला १४ जणांकडून आलं, तोच फोटो, तोच गुलाब. आडवा होतोच म्हणून अख्खा अध्याय वाचला. अहो, ११ च्या आधी १० आहे! बाबेलात ७० वर्षं भरल्यावर तुम्हाला परत आणीन, असं लिहिलंय तिथे. म्हणजे पित्ताच्या खड्यांसाठी तुम्ही मला ७० वर्षं दिलीत. आणि ते पत्र एकट्यादुकट्याला नाहीच, यरुशलेमेहून बाबेलला धरून नेलेल्या सगळ्या लोकांना आहे, घरं बांधा, बागा लावा, त्या शहरासाठी प्रार्थना करा म्हणून. तिथला 'तुम्ही' आदरार्थी नाहीये, अनेकवचनी आहे! सगळ्यांनी मिळून धरायचं वचन १४ जणांनी आपापल्या सोफ्यावरून एकट्या माणसाला फॉरवर्ड केलं आणि घरी आले कोण, तर ज्यांना व्हॉट्सॲप येत नाही ते एक काका. बसले, स्तोत्र ११९ काढलं, १७६ ओव्या, तिसाव्या ओवीला मीच झोपलो. बरं वाटलं पण.

पुरे झाली गंमत. प्रेषितांची कृत्ये २:४२ काढा. शिक्षण, सहभागिता, भाकर मोडणं, प्रार्थना, चारही एकाच ओवीत आहेत, त्यातलं तुम्हाला एकही जमत नाही आणि वर तोंड करून वचनं वाटत फिरता? ना वाचलेली, ना पाळलेली! इब्री १०:२५ सुद्धा आली काल, एकत्र जमणं सोडू नका म्हणून. कोणाला पाठवली? मला! का, तर दोन रविवार मी दिसलो नाही.

अरे, पोटाला टाके होते माझ्या!