ईसीजी नॉर्मल आला म्हणून छातीतले दुखणे गॅसचे ठरत नाही

छातीत दुखल्यास ईसीजी काढावा, तो नॉर्मल आला तर दुखणे गॅसचे समजून निश्चिंत झोपावे, निदान यंत्रच कागदावर छापते आणि आता मनगटावरचे घड्याळही तेच काम करते, असा संदेश व्हॉट्सॲपवर सर्रास फिरतो. त्यातला ईसीजी काढण्याचा सल्ला योग्य आहे. बाकीचा जिवावर बेतणारा आहे.

ईसीजीची पट्टी नॉर्मल म्हणजे हृदयविकाराचा झटका नाही, हा पहिलाच दावा सर्वांत घातक. बारा लीडच्या (म्हणजे हृदयाकडे बारा दिशांनी पाहणाऱ्या) नेहमीच्या ईसीजीत हृदयाच्या विद्युतक्रियेची साधारण 10 सेकंदांची नोंद असते. हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद झाली की बहुधा एसटी भाग (आलेखात ठोक्याच्या उंच टोकानंतरचा सपाट भाग) वर उचललेला दिसतो. पण ती अंशतः बंद असेल, तर एसटी खाली गेलेला, त्यामागची टी लहर उलटलेली किंवा सारेच नॉर्मल दिसू शकते आणि तरीही स्नायूला इजा होत असते. हृदयाच्या मागच्या भिंतीचा झटका तर नेहमीच्या लीडना थेट दिसतच नाही. छातीवरच्या व्ही1 ते व्ही3 या लीडमध्ये एसटी खाली गेलेला आढळला, तर पाठीकडे व्ही7 ते व्ही9 हे जादा लीड लावून पाहावे लागते. म्हणूनच दुखणे चालू असेपर्यंत, विशेषतः पहिल्या तासात, 15 ते 30 मिनिटांनी ईसीजी पुन्हा काढतात. हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यावर रक्तात उतरणारे ट्रोपोनिन हे प्रथिनही वाढायला वेळ लागतो, त्यामुळे तीही तपासणी काही तासांनी पुन्हा करतात.

पित्ताच्या औषधाने बरे वाटले, हाही दुखणे गॅसचे असल्याचा पुरावा नव्हे. हृदयाच्या खालच्या भिंतीच्या झटक्यात पोटाच्या वरच्या भागात दुखून मळमळू शकते. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये कधी नुसता दम लागतो किंवा दरदरून घाम फुटतो.

यंत्राचे छापील निदान डॉक्टरांच्या वाचनाची जागा घेऊ शकत नाही. निरोगी तरुणांतही एसटी किंचित वर असू शकतो, हृदयावरणाच्या दाहातही तो वर जातो आणि हातांच्या वायरी उलटसुलट लागल्या तर आलेखच फसवा निघतो. डॉक्टर तक्रार, वय आणि जुना ईसीजी शेजारी ठेवून वाचतात. (ती जुनी पट्टी थर्मल कागदावर असल्यास पुसट होत जाते, म्हणून तिची झेरॉक्स आवर्जून काढून ठेवावी.)

घड्याळ साधारणपणे एकाच लीडची नोंद घेते. एट्रियल फिब्रिलेशनसारखी अनियमित लय त्यात सापडू शकते, पण आपले घड्याळ हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, असे ॲपल कंपनी स्वतःच सांगते. त्यावर ‘सायनस रिदम’ (म्हणजे हृदयाची नेहमीची नियमित लय) दिसले तरी छातीतले दुखणे थांबत नसेल, तर स्वतः गाडी न चालवता 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी.