काका, मदरबोर्ड गेला!

नाही गेला. कुठेही गेला नव्हता. पण गेले बारा दिवस ज्याला ज्याला विचारलं त्याने माझ्या कॉम्प्युटरच्या एकेका अवयवाचं श्राद्ध घातलंय, आणि आज मला एकेकाला धरून बोलायचंय.

मी डोंबिवलीत घरबसल्या चार दुकानदारांचे हिशोब लिहितो. टॅली आहे ती या जुन्या डेस्कटॉपवर, आणि २० तारीख आली की जीएसटीचं ३बी विवरणपत्र भरायचं, त्यात दया नाही. खंडेनवमीला त्याची रीतसर पूजा केली, वर झेंडूचं फूल ठेवलं, फोटो काढला. दसरा झाला, तिसऱ्या दिवशी सकाळी बटण दाबलं. पंखा घुर्र, दिवे लागले, एकदा टूं वाजलं, स्क्रीनवर कंपनीचं चिन्ह उमटलं आणि ठप्प, सगळं बंद. पुन्हा दाबलं. घुर्र, टूं, चिन्ह, ठप्प. तिसऱ्यांदा दाबलं तर काहीच नाही, जणू प्लगच काढलाय. चहा पिऊन आलो, दाबलं, पुन्हा घुर्र.

मेहुण्याला फोन लावला. तो आयटीत आहे. आयटीत म्हणजे नक्की काय करतो हे लग्नाला पंधरा वर्षं झाली तरी मला कळलेलं नाही. तो म्हणाला, "व्हायरस असेल, सेफ मोडमध्ये उघडा." अरे बाबा, विंडोजची पाळीच येत नाहीये! ते हार्डडिस्कवर झोपलंय, त्याला कोणी उठवायच्या आत वीज जाते, सेफ मोड काय कपाळावर उघडू? मग बिल्डिंगच्या व्हॉट्सॲपवर विचारण्याचा गाढवपणा केला. एक म्हणे फॉरमॅट मारा. एक म्हणे लॅपटॉप घ्या. तळमजल्यावरच्या काकांनी गुड मॉर्निंगचा गुलाब पाठवला, त्या सगळ्यांत तोच बरा.

म्हटलं, आपणच बघू. कॅबिनेट उघडलं. आत धूळ इतकी की मेथी पेरली असती तर उगवली असती. ब्रशने साफ केलं, रॅम काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरने घासले (हा उपाय हसण्यावारी नेऊ नका, निम्मे कॉम्प्युटर यानेच उठतात), बोर्डवरचा नाण्यासारखा सीआर२०३२ सेल नवा बसवला. प्रोसेसरवरचा पंखा काढून बघितला. थर्मल पेस्ट, म्हणजे प्रोसेसरची उष्णता पंख्याकडे नेणारा लेप, वाळून खडू झालेली. आनंद झाला, सापडलं! पंखा नीट टेकला नाही की प्रोसेसर तापतो आणि जळायच्या आत स्वतःच यंत्र बंद करतो, हे मला माहीत होतं. नवी पेस्ट लावली, त्या चार काळ्या प्लास्टिकच्या खुंट्या आरपार टकटक बसेपर्यंत अंगठा दुखला. बटण दाबलं. घुर्र, टूं, चिन्ह, ठप्प.

मग स्टेशनजवळचं दुकान. रिक्षात कॅबिनेट मांडीवर, ऑक्टोबरचं ऊन, घामाच्या धारा. दुकानातल्या पोराने वर बघितलंसुद्धा नाही. "काका, मदरबोर्ड गेला." अरे, अजून वायर लावली नाहीस! "नाही काका, असंच होतं, मदरबोर्डच असतो. ठेवून जा." दोन दिवसांनी त्याचाच फोन, "चालू आहे, घेऊन जा." गेलो तर खरंच चालू! बोर्ड बाहेर टेबलावर पसरलेला, विंडोज उघडलेलं, माझ्या मुलीचा फोटो डेस्कटॉपवर हसतोय. काय केलंस विचारलं तर म्हणे सर्व्हिसिंग. ५०० रुपये. घरी आणला, लावला. घुर्र, टूं, चिन्ह, ठप्प. त्याला फोन केला तर म्हणतो कसा, "आमच्याकडे चालतो म्हणजे तुमच्या घरच्या अर्थिंगमध्ये फॉल्ट आहे."

मी वायरमन बोलावला. हो, बोलावला! माणूस पेटला की काहीही करतो. त्याने टेस्ट लॅम्प लावून बघितला, "अर्थिंग झकास आहे साहेब," म्हणाला, २०० घेतले आणि जाता जाता सांगून गेला, "एसएमपीएस असेल."

हे मला पटलं, कारण एसएमपीएसच मरतुकडा निघतो हे मीही ऐकून होतो. एसएमपीएस म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, भिंतीतल्या २३० व्होल्टचे तो १२, ५ आणि ३.३ करून आत वाटतो. म्हातारा झाला की भार पडल्यावर मान टाकतो. त्याची परीक्षाही केली मी. २४ पिनांच्या जाड कनेक्टरमधली हिरवी वायर आणि शेजारची काळी टाचणीने जोडली की तो एकटाच सुरू होतो. झाला सुरू, पंखा फिरला. पण पंखा फिरला म्हणजे भार पेलतोच असं नाही, म्हणून शंका गेली नाही. मग काय, डोंबिवली ते दादर, पूल चढून वेस्टर्नला, ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार. ४५० वॅटचा नवा एसएमपीएस घेतला, विकलेला माल परत घेतला जाणार नाही असा शिक्का बिलावर. संध्याकाळच्या लोकलमध्ये तो डबा पोटाशी धरून उभा होतो, लोक बॉम्ब असल्यासारखे बघत होते. घरी येऊन जोडला.

सांगायलाच हवं का?

त्या रात्री जेवलो नाही. अंधारात त्याच्यासमोर बसून बटण दाबत राहिलो आणि सूड म्हणून आकडे मोजत राहिलो. एक, दोन, तीन, चार, ठप्प. एक, दोन, तीन, चार, ठप्प. पाच नाही, तीन नाही. तापून बंद पडणारं यंत्र कधी दहा सेकंद टिकेल, कधी सात. हे घड्याळ लावून मरत होतं.

आणि चार सेकंद म्हणजे काय हे बारक्या पोरालाही माहीत असतं! कॉम्प्युटर हँग झाला की आपण काय करतो? बटण चार सेकंद दाबून धरतो, तो बंद होतो. म्हणजे माझा कॉम्प्युटर बिघडलेलाच नव्हता. कोणीतरी बटण दाबून धरलंय असं त्याला वाटत होतं आणि तो इमानाने हुकूम पाळत होता. मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. कॅबिनेटच्या डोक्यावरचं ते बटण आत जायचं आणि आतच बसायचं, मग मिनिटभराने सुस्तावल्यासारखं वर यायचं. म्हणून मधेच दाबूनही काही होत नव्हतं, ते आधीच दाबलेलं होतं! आणि दुकानातलं पोरगं? त्याने बोर्ड बाहेर काढला, स्क्रूड्रायव्हरचं टोक दोन पिनांना लावून सुरू केला. बटणाशी गाठच पडली नाही. पडणार कशी? पुन्हा सगळं कॅबिनेटमध्ये बसवलं आणि एकदाही बटण दाबून न बघता माझ्या मांडीवर दिलं. ५०० रुपये!

सुई घालून बटणाची फट कोरली. ओल्या कुंकवात भिजून दगड झालेल्या दोन अक्षता निघाल्या.

ही दारात उभी होती. काही बोलली नाही. पूजा मी केली होती, फोटोत माझाच हात आहे, आणि "जिथून सुरू होतो तिथे वाहायच्या" हे शहाणपणही माझंच.

स्प्रिंग कुंकवाने गंजली की काय कोण जाणे, बटण अजून अडतंच. शेवटी पॉवरची दोन पिनांची वायर बोर्डवरून उपटली आणि रीसेटच्या बटणाची तिथे खोचली. आता रीसेट दाबलं की कॉम्प्युटर सुरू होतो. ३बी काल रात्री अकराला भरलं. पोराला फोन करून कारण सांगितलं तर म्हणाला, "हां काका, असं पण होतं कधी कधी."

जुना एसएमपीएस माळ्यावर आहे. ठणठणीत आहे. मेहुणा म्हणतो, ओएलएक्सवर टाका.