‘वीज भरपूर आहे’ म्हणणाऱ्यांनी एकदा आमची विजेची डीपी पाहावी

गेले काही दिवस एक मेसेज ग्रुपाग्रुपांतून फिरतोय. मजकूर थोडक्यात असा: ‘देशाची वीजक्षमता ४७५ गिगावॉट, मागणी जास्तीत जास्त २५०. म्हणजे वीज जवळजवळ दुप्पट आहे. २०१८ सालीच ती गावोगावी पोहोचली. तरी लाईट जाते ती चोरीमुळे. आणि आता सोलर आलंय, तेव्हा नव्या लाईनी, उपकेंद्रं, खांब म्हणजे पैशाचा चुराडा.’ माझ्या चुलतभावानेही तो पुण्याहून पाठवला, खाली ‘अगदी बरोबर’ असं लिहून. मी गावी शेती करतो. हे वाचून गप्प बसवत नाही.

आधी आकड्यांचं बघू. ते खोटे नाहीत. मार्च २०२५ अखेर स्थापित क्षमता ४७५ गिगावॉटच्या घरात होती आणि ३० मे २०२४ ला मागणीने २५० गिगावॉटचा उच्चांक गाठला. पण एकातून दुसरा वजा करून उरलेली वीज निघत नाही. सगळी यंत्रं एकाच वेळी पूर्ण ताकदीने चालली तर किती वीज होईल, ती स्थापित क्षमता. आणि तशी ती कधीच चालत नाहीत. त्यातली शंभर गिगावॉटहून जास्त सौर आहे. तिन्हीसांजेला घरोघर दिवे लागतात, नेमकी तेव्हा ती शून्यावर येते. कोयनेचंच घ्या. क्षमता १,९६० मेगावॉट, पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे सोडायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा आहे. म्हणून तिथली वीज गरजेच्या तासांसाठी जपून वापरावी लागते. औष्णिक केंद्रांतला एखादा संच दुरुस्तीला गेला की तेवढीही वीज हिशेबातून गेली.

आणि दाभोळचा वीजप्रकल्प कसा विसरलात? १९९९ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला, वीज इतकी महाग पडली की तेव्हाच्या वीज मंडळाला ती पेलवेना, २००१ मध्ये प्रकल्प बंद. केंद्र जागेवर उभंच होतं, आणि पुढची कितीतरी वर्षं आपण लोडशेडिंगच्या वेळापत्रकावर काढली.

लाईनींवरचा खर्च वाया जातो म्हणणाऱ्यांना रायचूर-सोलापूर लाईन माहीत असायला हवी. दक्षिणेची राज्यं विजेसाठी तडफडत असताना इतर भागातली वीज तिकडे पुरेशी नेता येत नव्हती, कारण वाहून नेणारी वाट अरुंद होती. ३१ डिसेंबर २०१३ ला ही ७६५ केव्हीची लाईन सुरू झाली आणि दक्षिणेचं ग्रीड, म्हणजे विजेच्या तारांचं जाळं, उरलेल्या देशाशी एकजीव झालं. वीजकेंद्राइतकीच तारही लागते, ती अशी.

गावोगावी वीज पोहोचली, हे कागदावर खरं आहे. २८ एप्रिल २०१८ ला मणिपूरमधलं लैसांग जोडलं गेलं आणि देशातली सगळी गावं विद्युतीकृत झाल्याचं जाहीर झालं. पण ‘विद्युतीकृत गाव’ याची सरकारी व्याख्या काय? शाळा, पंचायत, दवाखाना अशा सार्वजनिक जागी वीज आणि किमान १० टक्के घरांत जोडणी. उरलेल्या घरांसाठी सौभाग्य योजना होती. तिच्यातून मार्च २०२२ पर्यंत सुमारे २.८६ कोटी घरांना मीटर मिळाले. चांगलं काम झालं, मी ते नाकारत नाही. पण मीटर बसला म्हणजे दिवसभर वीज आली, असं होत नाही.

आता चोरी. तारेवर आकडे टाकले जातात, आमच्याही गावात टाकतात, आणि त्याचा मला राग आहे. पण पाठवलेली वीज आणि हाती आलेले पैसे यांतली तूट, जिला गळती म्हणतात, ती नुसती चोरी नव्हे. बिल दिलं पण वसूल झालं नाही, तेही गळतीतच धरतात. कित्येक कृषिपंपांना मीटरच नाही, त्यांचा वापर अश्वशक्तीवरून अंदाजाने लावतात. आणि तारेत उष्णता होऊन वाया जाते ती वेगळीच. करंट दुप्पट झाला की तारेतली ही गळती चौपट होते.

गेल्या जानेवारीतलं सांगतो. शिवारातली आमची डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ६३ केव्हीएची. पाच अश्वशक्तीच्या साधारण बारा मोटरी तिला झेपतात, जोडल्यात एकोणीस. त्या आठवड्यात मोटरींना लागणाऱ्या थ्री फेज विजेची पाळी रात्रीची होती. रात्री थंडीत विहिरीवर कोण जाणार, म्हणून बहुतेकांनी स्टार्टरला ऑटोस्विच लावलेला. लाईट आली की मोटर आपोआप चालू. सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, आणि इथे सगळ्या एकाच क्षणी सुरू झाल्या. मी गव्हाला पाणी धरायला दाऱ्यावर उभा होतो. मोटर नुसती घुमली, पाणी चढेना, मग डीपीकडून धाडकन आवाज आला आणि तेल जळाल्याचा वास. दुसरी डीपी यायला अकरा दिवस लागले. वर्गणी काढून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जळालेली डीपी घालून आम्हीच नेली, आम्हीच दुसरी आणली. गहू ओंबीवर आला होता. निम्मा गेला.

यात चोरी कुठे आहे? एकोणीसही जोडण्या कायदेशीर, कोटेशन भरून घेतलेल्या. दोष ऑटोस्विचचा आहे, मान्य. पण दिवसा पुरेशा दाबाने वीज मिळाली तर तो लावेल कोण?

राहिलं सोलर. ते मला मनापासून हवंय. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा हेतूच शेतीला दिवसा वीज देण्याचा आहे, २०१७ पासून ती चालू आहे, आणि माझ्या दृष्टीने शेतकऱ्याला रात्रीच्या पाण्यातून सोडवणारा याहून चांगला मार्ग नाही. पण त्यातली वीज येते कशी? उपकेंद्राजवळच्या सौर प्रकल्पातून, त्याच ११ केव्हीच्या फीडरवरून, म्हणजे उपकेंद्रातून शिवाराकडे येणाऱ्या लाईनीवरून, आणि त्याच डीपीतून. फीडर जुना आणि डीपी भरलेली असेल, तर दुपारच्या लख्ख उन्हातली वीजही शेवटच्या विहिरीपर्यंत येईतो मलूल होणार. स्वतंत्र सोलर पंप छोट्या शेतकऱ्याला उत्तम. पण आमची पिठाची गिरणी आणि दूध थंड करायची टाकी त्यावर चालत नाही.

चुलतभावाला मी एवढंच कळवलंय की या सुट्टीत गावी ये, संध्याकाळी व्होल्टमीटर घेऊन आपण खांबाखांबाने डीपीपासून शेवटच्या मोटरीपर्यंत चालत जाऊ. डीपीपाशी ४०० व्होल्ट आणि शेवटच्या स्टार्टरवर ३२० दाखवतो तो. आणि १०० केव्हीएच्या डीपीसाठी आम्ही केलेल्या अर्जाची पोच घरात, कॅलेंडरच्या मागे खिळ्याला लावलेली आहे, तीही दाखवीन.